शिक्षण कशासाठी हवे? समाजाच्या उत्तरावर शाळा कशा चालतात

जून २०१९ मध्ये दहावीचा निकाल लागला आणि राज्यात एकच गहजब झाला. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला निकाल थेट ७७.१० टक्क्यांवर आला होता. एका वर्षात मुले एवढी ‘ढ’ झाली नव्हती. भाषा आणि सामाजिक शास्त्रांमधले शाळेच्या हातातले अंतर्गत गुण राज्य मंडळाने काढून घेतले होते आणि या विषयांची पूर्ण परीक्षा लेखी घेतली होती. शाळा हे गुण सढळ हाताने वाटतात आणि त्यामुळे निकाल फुगतो, हे शिक्षक, पालक आणि मंडळ अशा तिघांनाही ठाऊक होते. निर्णय त्यासाठीच होता.

पण पालकांचा सवाल वेगळाच होता. सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांना अंतर्गत गुण मिळणार असतील, तर अकरावीच्या प्रवेशात आमच्या मुलांनी मागे का राहायचे? प्रश्न रास्त होता. काही आठवड्यांतच अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले, हाही त्याला हातभार.) या सगळ्या वादात मुलांना आता मराठीत चार ओळी धड लिहिता येतात का, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

शाळा शिक्षणमंत्री चालवतात, अधिकारी चालवतात, संस्थाचालक चालवतात असे आपण म्हणतो. कागदावर ते खरेच आहे. पण शाळेचे वेळापत्रक, माध्यम, परीक्षा, शिक्षकांची संख्या, एवढेच काय, शाळा कुठे असावी आणि कुठे नसावी हेसुद्धा, समाज शिक्षणाकडे काय म्हणून पाहतो यावर ठरत आले आहे. महाराष्ट्रात ही गोष्ट गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

वरून खाली झिरपणारे शिक्षण

इंग्रजी अमदानीत सरकारचा हिशेब सरळ होता. वरच्या थोड्या लोकांना उत्तम शिकवायचे, म्हणजे ज्ञान आपोआप खालच्या थरांत झिरपेल. सरकारला कारकून आणि कामदार हवे होते आणि पांढरपेशा समाजाला सरकारी नोकरी हवी होती. दोघांचे जमले. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत सुरू केली. आजची अनुदानित शाळा ही तिची वंशज.

या हिशेबाला सर्वांत थेट आव्हान दिले जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला. सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्यांच्या घामातून आणि खर्च होते वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा उलटा व्यवहार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. त्याहून लक्षात घेण्यासारखे आहे ते त्यांनी शिक्षकाबद्दल सांगितलेले. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातला असावा, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये, आणि त्याला किमान १२ रुपये तरी पगार असावा. अभ्यासक्रमात मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेती आणि आरोग्याची माहितीही हवी होती.

फुल्यांच्या मते शिक्षण कष्टकऱ्याला फसवणुकीपासून वाचवण्यासाठी आणि आपल्या पायावर उभे करण्यासाठी होते. म्हणून त्यांची शाळा वेगळी, शिक्षक वेगळा आणि पैशाची वाटणीही वेगळी.

आयोगाने सक्ती मानली नाही. प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे सोपवाव्यात, माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे आणि ते अनुदानाच्या आधारे खासगी प्रयत्नांवर सोडावे, अशी दिशा त्याने दिली. महाराष्ट्रात आज सातवी-आठवीपर्यंतची शाळा बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची आणि पुढचे हायस्कूल कुठल्या तरी संस्थेचे असते, त्याचे मूळ या विभागणीत सापडते. गावातला माणूस अजूनही ‘मराठी शाळा’ आणि ‘हायस्कूल’ असे दोन वेगळे शब्द वापरतो, ते उगीच नव्हे.

सक्ती, दंड आणि वसतिगृहे

सक्ती शक्य आहे हे आधी बडोद्याने आणि मग कोल्हापूरने दाखवले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता.

हा दंड महत्त्वाचा आहे. दंड लावावा लागला, याचा अर्थ शिक्षण हवेच असे तेव्हा सर्वांना वाटत नव्हते. गुरे राखणारे पोर शाळेत गेले की घरातले दोन हात कमी होत. शिकून नोकरी मिळेल याची खात्री नव्हती. आणि शिक्षण आपल्यासाठी नसतेच, हे पिढ्यान्‌पिढ्या मनावर ठसवलेले होते. राजाला कायदा करून समाजाचे मत वाकवावे लागले.

पण शाहू महाराजांनाही समाज होता तसा स्वीकारून वाट काढावी लागली. १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे सुरू झाली, ती बहुतेक जातवार आणि धर्मवार: मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकत्र पंगत बसणे तेव्हाच्या पालकांना मान्य होणारे नव्हते. मुलगा शिकणे हे तातडीचे होते, पंगतीचा प्रश्न नंतर सोडवता आला असता.

तो पुढे सोडवला भाऊराव पाटलांनी. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. मुले स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ ही नुसती घोषणा नव्हती, संस्थेचा हिशेब त्यावर उभा होता. गावोगावचे लोक धान्य देत, जागा देत, अंगमेहनत देत. ‘शाळा आपली आहे’ असे गावाला वाटले की तिचे व्यवस्थापन कसे बदलते, याचे इतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

भिंतीवर उरलेले नाव

जुन्या जिल्हा परिषद शाळांच्या भिंतीवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ असे रंगवलेले अनेकांनी पाहिले असेल. त्यामागे १९३७ ची वर्ध्याची परिषद आहे. गांधीजींनी तिथे ‘नई तालीम’ची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. सूतकताई, सुतारकाम, शेती अशा हस्तव्यवसायातून गणित, भाषा, विज्ञान शिकवायचे, अशी ती योजना होती.

शाळांना नाव मिळाले, टकळ्या मिळाल्या, पण कल्पना रुजली नाही. प्रशिक्षित शिक्षकांची वानवा हे एक कारण. दुसरे कारण पालकांच्या मनात होते. शेतकऱ्याला आणि सुताराला पोराने शाळेत जावे असे वाटू लागले होते, ते नेमके हातातले अवजार सुटावे म्हणून. शाळेत जाऊनही अवजारच धरायचे असेल, तर शाळा कशाला? आणि ज्यांच्या घरात कधीच अवजार नव्हते, त्यांची मुले त्या शाळांत नव्हतीच. सगळ्यांनी श्रम करावेत अशी योजना फक्त श्रमिकांच्या मुलांच्या वाट्याला आली की ती त्यांना शिक्षेसारखी वाटते.

कार्यानुभव हा विषय पुढे गुणपत्रिकेत श्रेणीपुरता उरला. बहुतेक घरांत तो म्हणजे आईने रात्री अकरा वाजता थर्माकोल कापून केलेला प्रकल्प. जपानमध्ये शाळेचे वर्ग आणि व्हरांडे मुलेच झाडतात, तो शिक्षणाचा भाग मानला जातो. आपल्याकडे मुलांच्या हातात झाडू दिसला तर त्याची बातमी होते. त्यालाही कारण आहे: आपल्या देशात झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे जातीवरून ठरत आले, आणि अनेक शाळांत ते तसेच चालले. तीच कृती एका समाजात संस्कार ठरते आणि दुसऱ्या समाजात अपमान.

पट म्हणजे पैसा

स्वातंत्र्यानंतर अनुदानाची पद्धत वाढली. संस्था शाळा काढणार, सरकार शिक्षकांचे पगार देणार. १९७७ च्या कायद्याने खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती ठरल्या. ग्रामीण भागात हायस्कूल पोहोचले ते मुख्यतः याच रचनेमुळे, आणि हे श्रेय तिला द्यायलाच हवे.

मात्र हळूहळू शाळेचा अर्थ बदलला. संस्था हातात असणे म्हणजे नोकऱ्या देण्याची सत्ता, गावोगावी माणसे आणि निवडणुकीत कार्यकर्ते. शिक्षकाची नोकरी ही गावातली सर्वांत खात्रीची नोकरी होती, त्यामुळे तिला किंमत लागली. ‘डोनेशन’ हा शब्द मुलाच्या प्रवेशाइतकाच शिक्षकाच्या नेमणुकीलाही चिकटला.

अनुदान आणि शिक्षकांची पदे ठरतात पटसंख्येवर. या वार्षिक हिशेबाला ‘संचमान्यता’ म्हणतात. पट घटला की पद जाते आणि शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. मग पट फुगवण्याचा मोह होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्याने एकाच वेळी सर्व शाळांची पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली गेली. हजेरीपटावर नावे असलेली सुमारे २० लाख मुले वर्गात सापडली नाहीत. त्यांच्या नावाने गणवेश, पोषण आहार, पुस्तके आणि पगार मागितले जात होते.

त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, भरतीसाठी पवित्र पोर्टल, विद्यार्थ्यांच्या नोंदीसाठी सरल, आधार जोडणी असे एकामागून एक उपाय आले. प्रत्येकामागे अविश्वास आहे आणि तो निराधार नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात उघडकीस आलेल्या बनावट शालार्थ आयडीच्या प्रकरणाने ते पुन्हा दिसले. पण या अविश्वासाची किंमत वर्गात मोजली जाते. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण माहिती भरत बसला की चार इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात.

मधल्या काळात सरकारने नव्या शाळांना परवानगी देताना ‘कायम विनाअनुदानित’ असा शिक्का मारायला सुरुवात केली. म्हणजे शाळा काढा, पण पैसे कधीच मागू नका. मराठी माध्यमाच्या ग्रामीण शाळेला फी तरी कोण देणार? तिथले शिक्षक उद्या अनुदान येईल या आशेवर वर्षानुवर्षे नाममात्र किंवा बिनपगारी शिकवत राहिले. जुलै २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला गेला आणि पुढे टप्प्याटप्प्याने २० टक्के, ४० टक्के असे अनुदान सुरू झाले. दर अधिवेशनाच्या तोंडावर आझाद मैदानात बसलेले शिक्षक हे त्या एका शब्दाचे परिणाम आहेत.

माध्यमाचा कौल

राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्यावर साहित्यिक आणि शिक्षणतज्ज्ञांनी बरीच टीका केली. मोरे यांच्या बाजूने एक मुद्दा भक्कम होता: शहरातल्या पैसेवाल्यांची मुले इंग्रजी शिकतातच, मग गावातल्या मुलांनाच पाचवीपर्यंत का थांबवायचे?

पालकांनी त्याही पुढची पायरी गाठली. त्यांना इंग्रजी विषय नको होता, इंग्रजी माध्यम हवे होते. मातृभाषेतून शिकलेल्या मुलाला संकल्पना चांगल्या समजतात, हे तज्ज्ञांचे म्हणणे खोटे नाही. पण पालक संकल्पनांकडे पाहतच नसतो. मुलाखतीत, हॉस्पिटलात, विमानतळावर, बँकेत इंग्रजी न आल्यामुळे झालेली स्वतःची अडचण त्याला आठवत असते. भाषा त्याच्यासाठी ज्ञानाचे साधन नाही, मानाचे आहे. त्याला चूक म्हणणे सोपे आहे. मात्र न्यायालयापासून कॉर्पोरेट कार्यालयापर्यंत समाजाचे वरचे व्यवहार ज्या भाषेत चालतात, ती भाषा त्याने ठरवलेली नाही.

यातून एक अस्सल मराठी तडजोड जन्मली: सेमी इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. पट टिकवण्यासाठी मराठी शाळांनी, मग जिल्हा परिषदांच्या शाळांनीही ती स्वीकारली. काही ठिकाणी ती चांगली चालते. अनेक ठिकाणी शिक्षक इंग्रजी वाक्य वाचतो, मराठीत समजावतो आणि मुले उत्तर पाठ करतात. शिक्षकांची तयारी आधी आणि निर्णय नंतर, असा क्रम कुठल्याच माध्यमबदलात दिसलेला नाही.

२०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने खासगी शाळा काढणे सोपे केले. सरकारने एका पैशाची जबाबदारी न घेता शाळांची संख्या वाढू लागली आणि तालुक्याच्या गावापासून पिवळ्या बस वाड्यावस्त्यांपर्यंत फिरू लागल्या. त्या बसमध्ये चढणारे प्रत्येक मूल कुठल्या तरी मराठी शाळेच्या पटावरून कमी झालेले असते.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांमध्ये २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखीव ठेवल्या. कल्पना अशी, की गरिबाचे आणि श्रीमंताचे मूल एका बाकावर बसेल. समाजाने तिचा अर्थ वेगळा लावला: गरिबाला इंग्रजी शाळेत जाण्याची सोडत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर तिथल्या खासगी शाळेला या जागांतून सूट मिळणार होती. खासगी शाळांना द्यावा लागणारा परतावा वाचला असता, शिवाय सरकारी शाळांचा पटही टिकला असता, हा त्यातला हिशेब. पालक भडकले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

सरकारच्या स्वतःच्या शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत असताना त्या टाळण्याचा हक्क मिळावा म्हणून लोक न्यायालयात गेले. सरकारी शाळांबद्दलच्या मताची याहून स्पष्ट नोंद शोधूनही सापडणार नाही.

भाषेच्या बाबतीत समाज एकाच वेळी दोन टोकांना असू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा आदेश निघाला, जूनमध्ये तो सुधारून आला आणि २९ जूनला दोन्ही मागे घ्यावे लागले. मराठीसाठी एवढा जोर लावणाऱ्या घरांतली कितीतरी मुले इंग्रजी माध्यमात आहेत. यात दांभिकपणा शोधण्याची घाई करू नये. भाषा ही अस्मितेसाठी एक आणि पोटासाठी दुसरी, अशी वाटणी समाजाने केव्हाच केली आहे.

गुणांची बाजारपेठ

शिक्षण म्हणजे पुढच्या प्रवेशाचे तिकीट, असे एकदा ठरले की व्यवस्थेचे सारे लक्ष तिकीट खिडकीवर जाते. मुंबईच्या नामांकित कॉलेजांत आयसीएसईची मुले पुढे जातात म्हणून २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आले, २००९ मध्ये ९०:१० चा कोटा आला, २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ आले. पहिली दोन न्यायालयात टिकली नाहीत, तिसरे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकले. लागोपाठ तीन वर्षे राज्याच्या शिक्षण खात्याची बरीच शक्ती मोजक्या कॉलेजांतल्या काही हजार जागांवर खर्ची पडली.

दुसरीकडे लातूरने वेगळीच वाट काढली. मुंबई-पुण्याबाहेरचे, मराठवाड्यातले हे शहर कडक सरावाच्या जोरावर बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागले आणि ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पडले. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या भागाला त्याने आत्मविश्वास दिला, शेतकऱ्यांच्या मुलांना डॉक्टर केले. पण पॅटर्नचा अर्थ शेवटी सराव परीक्षा आणि पुन्हा सराव परीक्षा असाच राहिला.

वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश बारावीच्या गुणांवरून नीट, जेईई आणि सीईटीकडे गेले, तसे कनिष्ठ महाविद्यालय रिकामे झाले. मूल एका कॉलेजात नावापुरते दाखल होते आणि दिवसभर क्लासमध्ये बसते. याला ‘इंटिग्रेटेड’ असे भारदस्त नाव आहे. २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. पालक, कॉलेज, क्लास आणि विद्यार्थी अशा चौघांनाही हजेरी नकोच होती, तिथे बोटाचा ठसा घेणारे यंत्र काय करणार?

जून ते एप्रिल

शाळेचे वर्ष कुणाच्या सोयीने ठरते, यावरून ती कुणाची आहे हे कळते. विदर्भात उन्हाळा कडक, म्हणून तिथल्या शाळा उरलेल्या राज्याच्या नंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे गरज पटली तर वेळापत्रक हलते. २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश निघाला, कारण मुलांची झोप होत नाही. ही तक्रार शहरी मध्यमवर्गाची होती आणि ती ऐकली गेली. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांची आणि बसच्या फेऱ्यांची त्यातून अडचण झाली, ती वेगळी.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे वर्ष जून ते एप्रिल. त्यातला अर्धा काळ मूल फडावर असते. त्यासाठी साखरशाळा निघाल्या, मग गावातच हंगामी वसतिगृहे आली. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांना तिथे जेवण मिळते. ही वसतिगृहे वेळेवर सुरू झाली तर मूल थांबते, मंजुरीला उशीर झाला तर ते ट्रॅक्टरमध्ये बसून गेलेले असते. मागे राहिलेली मुलगी असेल तर आणखी एक चिंता असते, तिच्या सुरक्षिततेची, आणि ती पुष्कळदा लवकर लग्न लावून मिटवली जाते.

मुलींच्या शिक्षणाकडे पाहण्याची दृष्टी बरीच बदलली हे खरे. एसटीचा मोफत पास हे त्यातले सर्वांत कामाचे साधन ठरले, कारण सातवीनंतर शाळा सुटण्याचे मोठे कारण अंतर हे होते. याउलट, दुर्बल घटकांतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलींना दिला जाणारा उपस्थिती भत्ता नव्वदच्या दशकात ठरला तेव्हा दिवसाला एक रुपया होता आणि दशके उलटली तरी एक रुपयाच राहिला. शाहू महाराजांचा महिन्याचा दंडही एक रुपयाच होता. पण १९१७ मधल्या रुपयाचे वजन वेगळे होते.

वीसच्या आतली शाळा

सध्याचा सर्वांत तातडीचा प्रश्न पट कमी असलेल्या शाळांचा आहे. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १३०० हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ आणण्याचा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळचे प्रयोग त्यासाठी दाखवले गेले. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानुसार सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला तर त्या वर्गांना स्वतंत्र शिक्षकच मंजूर होत नाही.

सरकारची बाजू अशी: सहा मुलांच्या शाळेत ना खेळाचा संघ होतो, ना गटकार्य, ना विषयाला शिक्षक मिळतो. एक मोठी, सुसज्ज शाळा आणि तिथवर बस हे जास्त चांगले. यात तथ्य आहे, विशेषतः वरच्या वर्गांसाठी. विरोधकांची बाजू अशी: कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एका किलोमीटरच्या आत हवी. डोंगरातल्या पाड्यावर पावसाळ्यात बस येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला ओढा ओलांडून कोण पाठवेल? आणि पट घटला तो मुले नाहीत म्हणून की शिक्षक नाहीत म्हणून, हे आधी पाहा.

दोन्ही बाजू शिक्षणाचीच भाषा बोलतात, पण पाहतात वेगळीकडे. एकीला शाळा म्हणजे सेवा देणारे केंद्र वाटते. ते किफायतशीर हवे. दुसरीला ती वस्तीचा आधार वाटते. लसीकरण तिथेच, मतदान तिथेच, झेंडावंदन तिथेच. शाळा बंद झाली की पाड्यावर सरकार नावाची दुसरी इमारत उरत नाही.

ज्या गावांनी आपली शाळा टिकवली, तिथे एक गोष्ट समान दिसते. साताऱ्यातल्या कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने मुले वाचायला लागली आणि २०१५ मध्ये राज्याने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या नावाने तो विचार सगळीकडे नेला. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची आदिवासी पाड्यावरची डिजिटल शाळा पाहायला लांबून लोक येत. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी रांग लागली. या ठिकाणी शिक्षक चांगले होते यात शंका नाही, पण लोकवर्गणी, जमीन आणि वेळ गावाने दिला.

शिक्षण हक्क कायद्यात त्यासाठी एक जागाही आहे. विनाअनुदानित खासगी शाळा सोडून इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदानाच्या खर्चावर आणि कामकाजावर लक्ष ठेवणे ही तिची कामे आहेत. अनेक ठिकाणी या समितीची सभा रजिस्टरमध्येच होते. ठराव आधी लिहिला जातो आणि सह्या नंतर गोळा होतात. जिथे सभा खरोखर होते, तिथेही प्रश्न बहुतेक खोलीचे छत, पाण्याची टाकी आणि कुंपणाचे असतात. पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे बऱ्याच सदस्यांना कुणी सांगितलेलेच नसते.